रूट 66 ला सरकार मदत करतं, पण नेमकं कोणतं सरकारी खातं?

अमेरिकेत फिरून आलेल्या आपल्या मंडळींच्या फोटोंमध्ये हल्ली एक रस्ता हमखास असतो. डांबरावर पांढऱ्या रंगात रंगवलेली 66 ची ढाल, मागे बंद पडलेला पेट्रोल पंप, एखादी जुनी शेव्हरोलेट. खाली ओळ असते, ‘हा रस्ता अमेरिकन सरकारने राष्ट्रीय वारसा म्हणून जपलाय.’ ओळ पूर्ण चूक नाही, पण तिच्यात दोन वेगळ्या सरकारी योजनांची खिचडी झालेली असते. एक योजना वाहतूक खात्याची, वैशिष्ट्यपूर्ण रस्त्यांना राष्ट्रीय दर्जा देणारी, नॅशनल सिनिक बायवे. दुसरी नॅशनल पार्क सर्व्हिसची, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक स्थळं सांभाळणाऱ्या खात्याची, रूट 66 कॉरिडॉर प्रिझर्व्हेशन प्रोग्राम. दोन्ही केंद्र सरकारच्या, दोन्हींत ‘ऐतिहासिक’ आणि ‘सांस्कृतिक’ हे शब्द येतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात. मोडक्या मोटेलच्या मालकाला मात्र त्यातला फरक अर्ज करायला गेल्यावर लगेच कळायचा.

आधी थोडा रस्ता समजून घेऊ, नाहीतर दोन खाती का लागली ते कळणार नाही. रूट 66 ची अधिकृत सुरुवात 11 नोव्हेंबर 1926 ची. शिकागोपासून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 3,900 किलोमीटर, आठ राज्यांतून. कॅन्ससच्या वाट्याला त्यातले जेमतेम वीस किलोमीटर आले. ओक्लाहोमातल्या टल्सा गावच्या सायरस एव्हरींनी या रस्त्यासाठी जंग जंग पछाडलं, म्हणून त्यांना रस्त्याचे जनक म्हणतात. 1938 पर्यंत पूर्ण लांबी पक्की झाली. रस्ता मुद्दाम लहान गावांच्या मुख्य पेठांमधून जायचा, त्यामुळे खानावळी, पंप, मोटेल, गॅरेज यांची एक अख्खी दुनिया त्याच्या दोन्ही बाजूंनी उभी राहिली.

मग 1956 चा इंटरस्टेट कायदा आला. पुढच्या तीस वर्षांत नव्या चौपदरी महामार्गांनी ही गावं एकेक करून बाजूला टाकली. ॲरिझोनातलं विल्यम्स हे शेवटचं गाव, तिथे 13 ऑक्टोबर 1984 ला बायपास सुरू झाला. पुढच्याच वर्षी, 27 जून 1985 रोजी, रूट 66 राष्ट्रीय महामार्गांच्या यादीतून काढून टाकला गेला.

सगळ्या गोंधळाचं मूळ या तारखेत आहे. त्या दिवसापासून रूट 66 नावाचा महामार्ग कागदोपत्री राहिलाच नाही. उरले ते तुकडे. कुठे राज्याचा रस्ता, कुठे काउंटीचा, कुठे गावातली गल्ली, तर कुठे खासगी कुरणातून जाणारी भेगाळलेली डांबरपट्टी. एक मालक नाही म्हणजे एक पालकही नाही. हालचाल आधी खालूनच झाली. ॲरिझोनातल्या सेलिगमन गावचे न्हावी एंजल डेल्गाडिलो यांनी बायपासनंतर ओस पडलेली पेठ पाहिली आणि 1987 मध्ये गावकऱ्यांना घेऊन संघटना उभी केली. त्यांनी राज्य सरकारच्या मागे लागून सेलिगमन ते किंगमन हा पट्टा ‘हिस्टॉरिक रूट 66’ म्हणून घोषित करून घेतला. मोठमोठ्या संस्था पुष्कळ नंतर आल्या, हे त्यांच्या माहितीपत्रकांत जरा बारीक अक्षरातच असतं.

आता पहिली योजना. सिनिक बायवे 1991 च्या वाहतूक कायद्यातून आली आणि ती वाहतूक खात्यातल्या महामार्ग विभागाकडे, फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनकडे, आहे. ‘सिनिक’ म्हटल्यावर डोंगर-दऱ्यांचे रस्ते डोळ्यांसमोर येतात, पण कसोट्या सहा आहेत : निसर्गसौंदर्य, नैसर्गिक वैशिष्ट्यं, इतिहास, संस्कृती, पुरातत्त्व आणि मनोरंजन. यातल्या एका कसोटीवर रस्ता उतरला तर नॅशनल सिनिक बायवे, किमान दोन कसोट्यांवर उतरला आणि केवळ त्या रस्त्यासाठी लोक लांबून यावेत अशी त्याची योग्यता असली तर ऑल-अमेरिकन रोड. रूट 66 चे इलिनॉय आणि न्यू मेक्सिकोतले पट्टे सिनिक बायवे झाले, ॲरिझोनातला पट्टा ऑल-अमेरिकन रोडपर्यंत पोचला. दर्जा पट्ट्याला मिळतो, अख्ख्या रस्त्याला नाही. त्यामुळे ‘रूट 66 हा सिनिक बायवे आहे’ हे वाक्यसुद्धा अर्धंच खरं.

या योजनेत अर्ज राज्याच्या किंवा आदिवासी राष्ट्रांच्या यंत्रणेतून वर जातो. त्यासोबत त्या पट्ट्याचा व्यवस्थापन आराखडा जोडावा लागतो. पैसे मंजूर झाले तर 80 टक्के केंद्राचे, 20 टक्के स्थानिक. ते जातात कुठे? गाडी थांबवायला सुरक्षित जागा, माहितीफलक, स्वच्छतागृह, नकाशे, पर्यटक माहिती केंद्र, रस्त्याची सुरक्षितता, प्रसिद्धी. वारसा जपण्यासाठीही मागता येतात, ते कायद्यात आहे. पण खातं वाहतुकीचं, त्यामुळे त्याची नजर गाडीत बसलेल्या माणसावर. तो इथवर येईल का, वाट चुकणार नाही ना, थांबेल का, दोन पैसे गावात खर्च करेल का?

दुसऱ्या योजनेची, पार्क सर्व्हिसच्या योजनेची, नजर नेमकी उलट बाजूला होती, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या भिंतीकडे. 1990 मध्ये अमेरिकन काँग्रेसने पार्क सर्व्हिसला रूट 66 चा अभ्यास करायला सांगितलं, 1995 मध्ये अहवाल आला आणि 10 ऑगस्ट 1999 रोजी खास या एका रस्त्यासाठी कायदा झाला. कार्यालय न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे. कायद्यात काळही सांगितलाय : मुख्यतः 1926 ते 1970 या काळातल्या वास्तू आणि सांस्कृतिक खुणा. खासगी मालक यात यायचा तो राजीखुशीने, सक्ती कुणावर नव्हती. आणि कळीचा मुद्दा असा की खासगी मालक स्वतः अर्ज करू शकायचा. सिनिक बायवेच्या रांगेत मोटेलवाल्याला थेट उभं राहता येत नाही, इथे यायचं.

मात्र निम्मे पैसे त्याला उभे करावे लागायचे. सरकार एक डॉलर देणार तर त्याच्या बाजूनेही एक डॉलर हवा असायचा. रोख नसेल तर दान मिळालेलं सामान किंवा श्रमही हिशेबात धरता यायचे. ही अट छोट्या गावात फार जड जायची. ज्याचा धंदा बायपासने बसला, त्यालाच निम्मा वाटा मागायचा. दुसरीकडे, याच अटीमुळे केवळ फुकटचं म्हणून कुणी दारात येत नसे, हेही मान्य करायला हवं.

पैसे कशावर खर्च व्हायचे हे निऑनच्या पाटीवरून चांगलं समजतं. मिझुरीतल्या लेबनन गावच्या मंगर मॉस मोटेलची भलीमोठी पाटी 2010 मध्ये याच योजनेच्या मदतीने पुन्हा पेटली. जुनी निऑन पाटी म्हणजे पत्र्याची पेटी, तिच्यावर रंग, आणि त्यावर ज्योतीवर तापवून हाताने वळवलेल्या काचेच्या नळ्या. नळीत निऑन भरला तर तांबूस-नारिंगी प्रकाश, निळा हवा तर आर्गॉन आणि चिमूटभर पारा. गारपीट झाली की नळी फुटते, ट्रान्सफॉर्मर जळतो, पत्रा आतून गंजतो. त्या जागी एलईडीची पट्टी चिकटवणं कितीतरी स्वस्त पडतं. पण पार्क सर्व्हिसच्या जतनाच्या मानकांत बसायचं तर आधी दुरुस्ती, तीही मूळ साहित्य राखून. बदलायचंच झालं तर नवीन भाग जुन्याशी जुळता हवा. म्हणजे काच वळवणारा कारागीर शोधायचा, आणि तो सहसा शेजारच्या गावात सापडत नाही.

ओक्लाहोमातल्या स्ट्राउड गावच्या रॉक कॅफेची गोष्टही सांगायला हवी. 1939 मध्ये सुरू झालेली ही खानावळ ज्या वालुकाश्माची आहे, तो दगड रूट 66 च्या बांधकामातून उरलेला. मूळ मालकाने तो पाच डॉलरला घेतला असं सांगतात. मे 2008 मध्ये आगीत छप्पर, लाकूडकाम सगळं गेलं. उरल्या दगडी भिंती आणि आतला जाडजूड लोखंडी तवा. पार्क सर्व्हिसच्या या योजनेची आणि नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेची मदत घेऊन खानावळ त्याच भिंतींत पुन्हा उभी राहिली आणि त्याच तव्यावर पुन्हा बर्गर भाजले जाऊ लागले. हीच जागा फक्त सिनिक बायवेच्या भरवशावर असती तर? दर्जा असलेल्या पट्ट्यावर समोर माहितीफलक नक्की लागला असता. मागे खानावळ उरली असती की नाही, ते सांगता येत नाही.

गंमत म्हणजे पाट्यांच्याच बाबतीत दोन योजना एकमेकींच्या विरोधात आहेत असं वरवर वाटतं. बायवेचा दर्जा असलेल्या प्रमुख रस्त्यांवर केंद्रीय कायद्याने नवे जाहिरात होर्डिंग लावता येत नाहीत. आणि इकडे पार्क सर्व्हिस पाट्या दुरुस्त करायला पैसे द्यायची! प्रत्यक्षात भांडण नाही. बंदी आहे ती कुठल्यातरी दूरच्या मालाची जाहिरात करणाऱ्या फलकांवर. मोटेलने स्वतःच्या आवारात लावलेली स्वतःच्या नावाची पाटी त्यात येत नाही.

दोन्ही योजनांच्या बाबतीत एक गैरसमज मात्र सामाईक आहे, आणि तो आपल्याकडच्या सवयीतून येतो. आपल्याकडे केंद्रीय संरक्षित स्मारक म्हटलं की भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा निळा फलक, भोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या 200 मीटरवर परवानगीची अट. त्यामुळे ‘राष्ट्रीय दर्जा’ ऐकला की आपण ‘आता कुणी हात लावू शकत नाही’ असं धरून चालतो. रूट 66 वर तसं काही नाही. सिनिक बायवेचा दर्जा खासगी इमारतीला संरक्षण देत नाही. ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, म्हणजे 1966 च्या कायद्याने सुरू झालेल्या नॅशनल रजिस्टरमध्ये, नाव असलं तरी मालक स्वतःच्या पैशाने इमारत पाडू शकतो. केंद्राचा पैसा किंवा परवानगी लागणारं काम असेल तेव्हाच इतिहासाचं काय नुकसान होईल याची तपासणी होते. सेंट लुईसजवळचं कोरल कोर्ट मोटेल पाहा. मधाळ रंगाच्या चकचकीत विटा, गोलाई दिलेले कोपरे, काचेच्या ठोकळ्यांच्या खिडक्या. 1989 मध्ये नोंदवहीत गेलं आणि 1995 मध्ये पाडलं गेलं. आज त्यातल्या एका खोलीचा दर्शनी भाग वाहतूक संग्रहालयात ठेवलाय.

पैशाच्या टिकाऊपणातही फरक आहे. बायवेचा दर्जा एकदा मिळाला की कागदावर राहतो, पण 2012 च्या वाहतूक कायद्याने योजनेचा स्वतंत्र निधीच काढून घेतला. पुढे 2019 मध्ये नव्या नामांकनांसाठी दार पुन्हा उघडलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये देशभरातल्या 49 रस्त्यांची घोषणा झाली. मधल्या वर्षांत दर्जा होता आणि तिजोरी रिकामी. पार्क सर्व्हिसच्या योजनेचं दुखणं दुसरं. 1999 च्या कायद्याने दहा वर्षांसाठी कमाल एक कोटी डॉलरची तरतूद मान्य केली, पण दर वर्षी प्रत्यक्ष हाती पडलेली रक्कम त्या मानाने फार कमी. शिवाय डोक्यावर मुदतीची टांगती तलवार. 2009 ला संपायची होती, ती वाढवून 2019 केली, त्यापुढे मात्र वाढली नाही.

माझं स्पष्ट मत असं की जतनाच्या दृष्टीने पार्क सर्व्हिसची योजना कितीतरी जास्त कामाची होती, आणि तिलाच सगळ्यात कमी लोक ओळखतात. कारण सरळ आहे. बायवेचा फलक रस्त्यावर दिसतो, त्याच्यापुढे फोटो निघतो. दुरुस्त झालेल्या पाटीखाली ‘निम्मे पैसे सरकारचे’ असं कुणी ठळक लिहीत नाही.

2019 ची मुदत जवळ आली तेव्हा तिसरं नाव चर्चेत आलं आणि गोंधळात भर पडली, ते म्हणजे नॅशनल हिस्टॉरिक ट्रेल, ऐतिहासिक वाटांना मिळणारा राष्ट्रीय दर्जा. 1968 च्या ट्रेल कायद्याखाली रूट 66 ला हा दर्जा द्यावा, म्हणजे पार्क सर्व्हिसचं काम मुदतीशिवाय, कायमचं चालू राहील, अशी मागणी होती. 2018 मध्ये नॅशनल ट्रस्टने अख्खा रूट 66 देशातल्या अकरा सर्वाधिक धोक्यातल्या ऐतिहासिक ठिकाणांच्या यादीत टाकला, तो याच मागणीला जोर यावा म्हणून. त्याच वर्षी प्रतिनिधीगृहाने विधेयक मंजूर केलं, पण सेनेटमधून ते पार झालं नाही. 2020 च्या अखेरीस मंजूर झाला तो शताब्दी आयोगाचा कायदा. त्या आयोगाचं काम 2026 मधला शंभरावा वाढदिवस कसा साजरा करावा हे सुचवण्याचं, छपरं दुरुस्त करण्याचं नाही.