दाभोळचा दावा आणि त्यामागचा कायदा

दाभोळ वीज प्रकल्प म्हटलं की आपल्याला एन्रॉन, विजेचा दर आणि राज्यातलं राजकारण आठवतं. पण २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं, वर्षअखेरीस एन्रॉन दिवाळखोरीत गेली आणि भांडण वेगळ्याच दारी पोहोचलं. बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक या भागीदार कंपन्या अमेरिकी. परदेशी गुंतवणूकदाराला थेट सरकारविरुद्ध लवादाकडे, म्हणजे न्यायालयाबाहेर नेमलेल्या पंचांकडे, जाऊ देणारा भारत-अमेरिका गुंतवणूक करार तर नव्हता. त्यांची गुंतवणूक मात्र मॉरिशसच्या कंपन्यांमार्फत होती, आणि मॉरिशसशी भारताचा असा करार होता. तेवढ्या धाग्यावर २००३ मध्ये भारत सरकारवर लवादाचा दावा उभा राहिला. २००५ मध्ये तो तडजोडीने मिटला.

पूर्वी अशी वसुली गलबतांनी होई. १९०२ मध्ये ब्रिटन, जर्मनी आणि इटलीने थकबाकीसाठी व्हेनेझुएलाची बंदरं रोखली होती. वसाहती स्वतंत्र झाल्यावर राष्ट्रीयीकरणाची धास्ती वाढली, तेव्हा भांडवल निर्यात करणाऱ्या देशांनी करारांचा मार्ग धरला. पहिला द्विपक्षीय गुंतवणूक करार १९५९ चा, पश्चिम जर्मनी आणि पाकिस्तानमधला. १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत नवस्वतंत्र देशांनी उलट मागणी ठरावात उतरवली: राष्ट्रीयीकरणाची भरपाई ज्या-त्या देशाच्या कायद्याने ठरावी. पुढे ऐंशीच्या दशकात कर्जांनी कंबरडं मोडलं आणि त्यातलेच अनेक देश करारांवर सह्या करू लागले. भारताने १९९१ च्या संकटानंतर, १९९४ मध्ये, ब्रिटनशी पहिला करार केला.

टीकाकारांचा मुख्य आक्षेप साधा आहे: बंधनं सगळी सरकारवर, गुंतवणूकदारावर जवळजवळ काहीच नाही. शिवाय एका खटल्यातला पंच दुसऱ्यात वकील म्हणून उभा राहू शकतो. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट व्हाइट इंडस्ट्रीजची वाटते. कोल इंडियाविरुद्ध या ऑस्ट्रेलियन कंपनीने लवादात मिळवलेला निवाडा आपल्या न्यायालयांत नऊएक वर्षं अडकला. २०११ मध्ये भारत हरला, तोही भारत-कुवेत करारातून उसन्या घेतलेल्या कलमावर, कारण इतर देशांना दिलेली वागणूक आपल्यालाही मागण्याची मुभा ऑस्ट्रेलियाशी केलेल्या करारात होती! (दिरंगाई आपलीच होती, हेही खरं.)

मग भारताच्या अशा करारांचा २०१५ चा नवा नमुना-मसुदा आला: आधी पाच वर्षं देशी न्यायालयांत दाद मागा, नंतर लवाद. पन्नासहून अधिक देशांना करार संपवण्याच्या नोटिसा गेल्या. तरीही जुन्या गुंतवणुकींना बहुतेक करारांत पुढची दहा-पंधरा वर्षं संरक्षण राहतंच. आणि २०२४ मध्ये अमलात आलेल्या संयुक्त अरब अमिरातीबरोबरच्या करारात ती पाच वर्षं तीनवर आली आहेत.