मुलांसाठी ग्रंथ व मुद्रण इतिहासाच्या कार्यशाळा

माती, कागद, खिळे (छपाईसाठीचे अक्षरांचे सुटे ठसे), शाई व दोरा प्रत्यक्ष हाताळायला देऊन मुलांना लेखन, मुद्रण व ग्रंथबांधणी यांचा इतिहास शिकवण्याची पद्धती. ग्रंथालये, संग्रहालये व शाळा या कार्यशाळा भरवतात. सनावळ्या पाठ करून घेणे हा त्यांचा उद्देश नसतो. पुस्तकाला आजचे रूप का आले, याची कारणे मुलांना त्या त्या साहित्याच्या गुणदोषांतून उमगावीत, अशी अपेक्षा असते.

शाळेत छपाईयंत्र आणण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग फ्रान्समधील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२० च्या दशकात केला. त्यांचे विद्यार्थी स्वतः लिहिलेला मजकूर खिळ्यांनी जुळवून छापत आणि दुसऱ्या शाळांतील मुलांना पाठवत. मुद्रणाचा इतिहास शिकवणे हा त्यांचा मुख्य हेतू नसला, तरी आपले लेखन कोणीतरी वाचणार आहे या जाणिवेने मुले शब्द अधिक निगुतीने निवडतात, हे त्यातून दिसले. संग्रहालयांपैकी जर्मनीतील माइन्ट्स येथील गुटेनबर्ग संग्रहालयाशी संलग्न मुद्रणशाळेत मुलांना हाताने जुळणी व छपाई करता येते.

कार्यशाळेचा आरंभ बहुधा ओल्या मातीच्या वडीवर बोरूने खुणा उमटवण्यापासून होतो. ओली माती वळणदार रेघ नीट धरत नाही, टोक दाबून काढलेली खूण मात्र स्वच्छ उमटते. मेसोपोटेमियाची लिपी पाचरीच्या आकाराची का झाली, हे मुलांना येथे वेगळे सांगावे लागत नाही. यानंतर रद्दी भिजवून केलेल्या लगद्यातून जाळीच्या चौकटीने कागद उचलला जातो. चीनमध्ये इ. स. १०५ च्या सुमारास त्साय लुन याने झाडाची साल, चिंध्या व जुनी जाळी यांपासून कागद करण्याची रीत सुधारली, एवढी माहिती या वेळी पुरेशी असते.

छपाईचा भाग सर्वांत रंगतो. लाकडी वा लिनोलियमच्या ठोकळ्यावर मूल आपले नाव सरळ कोरते आणि ते कागदावर उलटे उमटते. दुसऱ्या ठोकळ्याच्या वेळी ते आपणहून आरसा मागते. ठोकळा कोरून झाल्यावर त्यातील एक अक्षरही बदलता येत नाही, ही अडचण अनुभवल्यानंतरच सुट्या खिळ्यांचे महत्त्व पटते. चीनमधील पी शंग याने अकराव्या शतकात भाजक्या मातीचे खिळे केले होते, आणि कोरियात धातूच्या खिळ्यांनी १३७७ मध्ये छापलेला ग्रंथ आजही उपलब्ध आहे. त्यामुळे मुद्रणाचा शोध पंधराव्या शतकातील जर्मन मुद्रक गुटेनबर्गने लावला, हे अनेक कार्यशाळांत अजूनही सांगितले जाणारे वाक्य टाळलेले बरे. शिसे, कथील व अँटिमनी यांच्या मिश्रधातूचे एकसारख्या उंचीचे खिळे ओतण्याची रीत, तेलकट शाई व दाबयंत्र यांची सांगड घालणे, ही त्याची कामगिरी होय. शाईचा मुद्दा दाखवायला सोपा आहे : पाण्यात कालवलेली शाई धातूवर थेंबाथेंबाने गोळा होते, तर जवसाच्या तेलातील शाई सारखी पसरते.

बांधणीच्या पाठात एक ताव तीनदा दुमडून त्याची आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे केली जातात. घडी न कापता पृष्ठांवर क्रमाने आकडे घालून ताव उलगडला, की १ च्या शेजारी १६ येतो आणि निम्मे आकडे उलटे दिसतात. छापखान्यात फर्मा (तावाच्या एका बाजूवर एकदम छापायच्या पृष्ठांचा संच) लावताना पृष्ठे अशी विस्कटलेली का मांडावी लागतात, याचा उलगडा एवढ्याने होतो. पुढे मधल्या घडीतून दोरा ओवून जुज, म्हणजे दुमडलेल्या पानांचा हा संच, शिवला जातो.

दोन-तीन तासांच्या सत्रात या सर्व गोष्टी कोंबल्यास हाती केवळ हस्तकलेचा एक नमुना उरतो. एकच प्रक्रिया निवडून ती शेवटापर्यंत नेणे अधिक उपयुक्त ठरते. छपाईनंतर खिळे पुसून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकण्याचे कंटाळवाणे काम वेळेअभावी बहुधा आयोजकच उरकतात, परंतु जुळाऱ्याच्या (खिळे जुळवणाऱ्या कामगाराच्या) श्रमाचा तो मोठा भाग असल्याने तोही मुलांकडे सोपवावा. शिसे विषारी असल्यामुळे लहान मुलांना लाकडी किंवा प्लॅस्टिकचे खिळे दिले जातात. धातूचे खिळे हाताळणाऱ्या मोठ्या मुलांना काम संपेपर्यंत खाण्याची मनाई असते व नंतर साबणाने हात धुणे बंधनकारक असते.