संस्थापकाचे पायउतार होणे

स्वतः उभी केलेली कंपनी चालवण्याचे काम संस्थापकाने हयातीतच दुसऱ्याकडे देणे. बोलीत याला ‘सूत्रे सोपवणे’ किंवा ‘खुर्ची सोडणे’ म्हणतात. गोव्यात कामगारांच्या तोंडी मालक म्हणजे ‘पात्रांव’, आणि पद गेले तरी हाक तीच राहते. पद आणि मालकी वेगवेगळी असतात, हे या विषयात आधी समजून घ्यावे लागते.

कंपनी कायदा, २०१३ मध्ये ‘प्रवर्तक’ (प्रमोटर) आहे, ‘संस्थापक’ हे पद नाही. सोडले जाते ते व्यवस्थापकीय संचालकपद किंवा संचालकपद. कलम १६८ नुसार संचालकाचा राजीनामा कंपनीला मिळाल्याच्या किंवा त्यात नमूद केलेल्या तारखेपासून, यांतील जी नंतरची असेल तेव्हापासून, लागू होतो. कारकिर्दीतील चुकांची जबाबदारी मात्र पुढेही राहते. बँकेला दिलेली वैयक्तिक हमीही राजीनाम्याने आपोआप संपत नाही. बँकेकडून लेखी मुक्तता घ्यावी लागते. निरोप समारंभाच्या घाईत नेमके हेच राहून जाते, आणि ते फार महागात पडते.

भारतात इन्फोसिसचे उदाहरण नेहमी दिले जाते. नारायण मूर्तींनी २००२ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारीपद नंदन निलेकणींकडे दिले, २०११ मध्ये अध्यक्षपदही सोडले, पण २०१३ मध्ये कार्यकारी अध्यक्ष म्हणून ते परतले. संस्थापकांबाहेरचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी, विशाल सिक्का, २०१४ मध्ये आले. तोवर सूत्रे संस्थापकांच्याच वर्तुळात फिरत होती.

गोव्यात या प्रश्नाला घरचा पदर आहे. पोर्तुगीज काळातून आलेल्या नागरी कायद्यानुसार लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. लग्नाआधी काढलेल्या कंपनीतील भागही (शेअर) त्यात येतात. म्हणजे पेढीवर नाव एकाचे असले, तरी निम्मा हक्क जोडीदाराचा. उरलेल्या स्वतःच्या निम्म्यातलाही अर्धा वाटा मुलांसाठी राखीव असतो, आणि एका मुलाला काही विकायचे तर इतर मुलांची संमती लागते. त्यामुळे खासगी कंपनीत मुलीला व्यवस्थापकीय संचालक करायला सहसा संचालक मंडळाचा ठराव पुरतो. पण भाग तिच्या नावावर करायचे म्हटले की सगळे घर एकत्र बसवावे लागते. हे काम हयातीत झाले नाही, तर पुढे ‘इन्व्हेंटरी’ची, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची, कोर्टातली प्रक्रिया येते, ज्यात मालमत्तेवर वारसांमध्येच बोली लागू शकते. चालत्या कंपनीसाठी ती जिकिरीची असते.

करातही फरक पडतो. प्राप्तिकर कायद्यानुसार (१९६१ च्या कायद्यात हे कलम ५अ होते) सामाईक मालमत्तेच्या या व्यवस्थेतील जोडप्याचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरले जाते. पगार मात्र अपवाद. खुर्ची सोडून पगाराऐवजी लाभांशावर आलेल्या संस्थापकाच्या घरी करपत्रकच बदलते.

पद सोडणे आणि मालकी विकणे यांतील अंतर खाणव्यवसायात स्पष्ट दिसले. २००९ मध्ये सेसा गोवा या खाण कंपनीने गोव्यातील धेंपो या उद्योजक कुटुंबाची खाण कंपनी १,७५० कोटी रुपयांना घेतली. तेथे खुर्ची सोपवली गेली नाही, धंदाच गेला. कुटुंबाचे वृत्तपत्र आणि फुटबॉल क्लब मात्र घरातच राहिले.