गेमपुढे तीन तास, गणितापुढे तीन मिनिटं

‘गेम खेळताना तीन तास जागचा हलत नाही, अभ्यासाला बसवलं की तीन मिनिटांत उठतो. याला म्हणे एडीएचडी!’ एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचा, विषय निघाला की कोणीतरी हे बोलतंच. त्यात प्रश्न कमी आणि निकाल जास्त असतो: पोरगं आळशी आहे. मला मात्र ही शंका फार मोलाची वाटते, कारण तिचं उत्तर शोधायला मेंदूतल्या माझ्या सगळ्यात आवडत्या यंत्रणेपाशी जावं लागतं.

थोडा दोष नावाचाही आहे. 1980 मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत ‘अवधान कमी पडण्याचा विकार’ अशा अर्थाचं नाव आलं, 1987 मध्ये त्याला अतिचंचलता जोडली गेली. नाव ऐकून वाटतं, लक्ष म्हणजे टाकीतलं पाणी आणि या मुलांची टाकी अर्धीच भरलेली. तसं असतं तर गेमच्या वेळीही ती अर्धीच दिसली असती.

एक उदाहरण सोडवू. बागेची लांबी रुंदीच्या दुप्पट आहे, परिमिती 60 मीटर आहे, तर क्षेत्रफळ किती? मुलगी रुंदी ‘क्ष’ धरते, सहा क्ष बरोबर साठ, क्ष बरोबर दहा. ती ‘उत्तर : 10’ लिहिते आणि पान उलटते. वहीवर लाल शेरा पडतो, ‘प्रश्न नीट वाचत नाहीस.’ तिने वाचला होता. समीकरण सोडवेपर्यंत ‘क्षेत्रफळ’ हा शब्द डोक्यातून निसटला होता, एवढंच. फळ्यावरचं उतरवताना ओळी गळणं, वजाबाकीचं चिन्ह हरवणं, पूर्ण केलेला गृहपाठ दप्तरातच राहून जाणं, यांतल्या बऱ्याच चुका याच घराण्यातल्या. समोर नसलेली गोष्ट काही क्षण मनात धरून ठेवायची, तिला वर्किंग मेमरी म्हणतात. एडीएचडी असलेल्या सगळ्याच मुलांत ती कच्ची नसते, पण अनेकांत असते.

आता ती यंत्रणा. माकडासमोर दोन खळगे, एकात खाऊ ठेवायचा, दोन्ही झाकायचे, मध्ये पडदा टाकायचा. काही सेकंदांनी पडदा वर. माकडाने बरोबर खळगा निवडायचा. 1971 मध्ये होआकिन फुस्टर आणि गॅरेट अलेक्झांडर यांनी असा खेळ चालू असताना कपाळामागच्या भागातल्या, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधल्या, चेतापेशींचे संदेश टिपले. पडदा खाली असताना, समोर काहीच दिसत नसताना, काही पेशी सतत संदेश देत राहिल्या. नसलेल्या वस्तूसाठी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

या पेशी एकमेकींना जागं ठेवतात. एक दुसरीला टोकते, दुसरी तिसरीला, तिसरी पुन्हा पहिलीला. पण असा फेरा फार नाजूक असतो. 1979 मध्ये संशोधकांनी माकडांच्या याच भागातलं डोपामिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन, जवळजवळ संपवून पाहिलं. पेशी जागेवरच होत्या, तरी तो भाग कापूनच टाकल्यासारखी माकडं चुकू लागली.

मेंदूसंशोधक अॅमी आर्न्स्टन यांच्या मांडणीनुसार इथे दोन रसायनं जोडीने राबतात: डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन. (पुढच्या चार ओळी जड आहेत, दोनदा वाचल्या तरी चालेल.) पेशीच्या फांद्यांवर सूक्ष्म वाहिन्या असतात; त्या उघड्या राहिल्या की आलेला संदेश तिथेच गळून जातो. नॉरएपिनेफ्रिन अल्फा-2ए नावाच्या ग्राहकाला (ग्राहक म्हणजे पेशीवरची रसायन पकडणारी जागा) चिकटलं की या वाहिन्या मिटतात आणि कामाचा संदेश टिकतो. डोपामिन डी-1 ग्राहकामार्फत बिनकामाचे संदेश छाटतं. दोन्ही रसायनं हवीत, पण बेताची. फार कमी झाली तर फेरा सुस्तावतो. फार वाढली, भीतीने किंवा ताणाने, तर दुसरेच ग्राहक जागे होतात आणि फेरा तुटतो. रसायनांचं प्रमाण आणि फेऱ्याची ताकद यांचा आलेख काढला तर मधोमध उंच टेकडी दिसते.

त्या टेकडीवरून वर्गातल्या काही गोष्टी वेगळ्या दिसतात. महिनाभर न उघडलेलं पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री सपासप वाचून होतं, कारण निकड मुलाला चढावर ढकलते. त्याच मुलावर सगळ्यांसमोर ओरडलं की तो पलीकडे घसरतो आणि येत असलेलंही विसरतो. ‘काल येत होतं, आज येत नाही, म्हणजे नाटक’ हा तर्क म्हणूनच लंगडा आहे. कामगिरीतला असा चढउतार हे एडीएचडीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं लक्षण आहे.

आणि गेम? गेममध्ये मनात धरावं असं फारसं काही नसतंच. ध्येय पडद्यावर, गुण कोपऱ्यात, चूक झाली की तत्क्षणी आवाज, जमलं की तत्क्षणी बक्षीस. प्रीफ्रंटल कॉर्टेक्सने करायचं काम गेम बाहेरून करून देतो. गणिताची वही गप्प बसते आणि तिचं बक्षीस निकालाच्या दिवशी मिळतं.

औषधांची गोष्टही याच टेकडीची. 1937 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं. त्यांतली बरीच मुलं अभ्यासात रमली आणि त्यांनीच त्याला ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणायला सुरुवात केली. आजचं मिथाइलफेनिडेट हे औषध डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही दोन्ही रसायनं पेशींमधल्या फटीत जास्त वेळ टिकवतं. ते कोणाला, किती द्यायचं हे डॉक्टरांचं काम. ‘बुद्धिवर्धक’ सिरपवाल्यांचं नाही, आणि ‘साखर बंद करा, पोर शांत होईल’ म्हणणाऱ्यांचंही नाही. साखरेचं तर 1994 मध्येच उघडं पडलं: मुलाला साखर दिली आहे असं खोटंच सांगितल्यावर आयांना ते जास्त चंचल वाटलं. बदल मुलात झाला नव्हता, पाहणाऱ्या डोळ्यांत होता.

2007 मध्ये फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवलं की कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराची, जाडी सर्वाधिक होण्याचं मध्यवर्ती वय इतर मुलांत साडेसात वर्षं होतं, एडीएचडी असलेल्यांत साडेदहा. सगळ्यात मोठी तफावत प्रीफ्रंटल भागात होती. वर्गात मात्र वयानुसारच बसवतात.

शाळा सवलत म्हणून बहुधा जादा वेळ देतात. ती हवीच, पण निसटलेला शब्द अर्धा तास जादा मिळाला म्हणून परत येईलच असं नाही. मनातला फेरा डगमगत असेल तर त्याचं ओझं कागदावर उतरवावं, असं मला वाटतं. बागेचं गणित हातात आलं की समीकरणाच्याही आधी उत्तराची ओळ लिहायची: ‘क्षेत्रफळ = ____ चौ. मी.’ मग क्ष दहा आला तरी ती रिकामी जागा पानावर दिसत राहते.