जुने स्टिरिओ रिसीव्हर आणि आजचे बुकशेल्फ स्पीकर

सत्तरच्या दशकातल्या रिसीव्हरला (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच खोक्यात) आजचे छोटे पॅसिव्ह, म्हणजे आत स्वतःचा ॲम्प नसलेले स्पीकर जोडायची पद्धत. पहिला रिसीव्हर कोणाचा यावर एकमत नाही, साधारणपणे हार्मन कार्डनच्या १९५४ च्या फेस्टिव्हलला मान देतात पण तो मोनो होता, स्टिरिओच धरायचा तर त्याच कंपनीचा १९५८ च्या सुमाराचा टीए-२३० जास्त पटतो. दोन्ही व्हॉल्व्हवाले (व्हॅक्यूम ट्यूबचे). जोडणीची चर्चा असते ती मात्र ट्रान्झिस्टरवाल्यांची, म्हणजे ढोबळमानाने १९७० ते १९८०, मरँट्झ २२७०, सॅन्सुई ९०९०, पायोनियर एसएक्स-१२५० वगैरे.

वॅटचे आकडे बघताना १९७४ साल लक्षात ठेवावं. त्या वर्षी अमेरिकेत एफटीसीचा (व्यापारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नियम आला, ॲम्प आधी एक तृतीयांश पॉवरवर तासभर चालवायचा आणि मगच मोजायचं, त्यामुळे नंतरच्या जाहिरातींतले आकडे बरेच खरे आहेत, आधीचे जरा जपूनच घ्यावेत. पुढे कंपन्यांची चढाओढ लागली, १९७६ चा एसएक्स-१२५० चॅनलला १६० वॅटचा आणि एसएक्स-१९८० तर २७० चा! घरात एवढे लागत नाहीत.

खरा प्रश्न इंपीडन्सचा, म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचा; तो ओहममध्ये मोजतात, आणि आकडा जितका कमी तितका ॲम्पवर भार जास्त. जुने रिसीव्हर ४ ओहमसाठी बनलेच नव्हते असं एक मत आहे, पण एआर-३ए हा त्या काळातला गाजलेला स्पीकर ४ ओहमचाच होता, तेव्हा ते सरसकट मान्य करणं कठीण. अडचण वेगळी आहे. स्पीकरवर छापलेला आकडा नॉमिनल, म्हणजे ढोबळ असतो, केफ एलएस५० (२०१२) वर ८ ओहम लिहिलंय पण काही फ्रिक्वेन्सीला तो ३.२ पर्यंत उतरतो, आणि तिथे करंट पुरवायला पॉवर सप्लाय दमदार लागतो. म्हणून बॉक्सवरचं न बघता मिनिमम इंपीडन्स बघावा. ए+बी (स्पीकरच्या दोन जोड्या एकदम वाजवायचं) बटण दाबलं की बहुतेक मॉडेलांत दोन्ही जोड्या पॅरलल होतात, म्हणजे ८ चे ४ आणि ३.२ चे थेट १.६ ओहम, मागच्या पट्टीवर दोन जोड्यांसाठी जास्त ओहम लिहिलेले असतात ते यासाठीच.

सेन्सिटिव्हिटीतही (ठरावीक व्होल्टेजला स्पीकर एक मीटरवर किती डेसिबल, म्हणजे डीबी, आवाज देतो) असाच घोळ. छोटं खोकं, खोल बास आणि जास्त सेन्सिटिव्हिटी तिन्ही एकत्र मिळत नाहीत (हॉफमन यांचा नियम), म्हणून आजचे छोटे स्पीकर बहुधा ८५-८७ डीबीचे असतात. हे माप २.८३ व्होल्टला घेतात, ८ ओहमला तो १ वॅट होतो पण ४ ओहमला २ वॅट, म्हणजे ४ ओहमवाल्याचे ८७ खरं तर ८४ च. ३ डीबी वाढवायला पॉवर दुप्पट लागते, तरी ८५ डीबीच्या स्पीकरला ३० वॅट दिले तर एक मीटरवर जवळपास १०० डीबी मिळतात, साध्या हॉलला पुष्कळ झाले.

आउटपुटला कपॅसिटर असलेल्या सुरुवातीच्या सेटमध्ये आणखी एक बारकावा: २००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ८ ओहमला १० हर्ट्झच्या आसपास बास कापायला लागतो, ४ ओहमला २० च्या. छोट्या स्पीकरला तेवढा खोल बास मुळात नसतोच त्यामुळे फरक जाणवणं अवघड. कपॅसिटर नसलेल्या, डायरेक्ट कपल्ड सेटमध्ये मात्र नवे स्पीकर लावायच्या आधी टर्मिनलवर डीसी ऑफसेट (गाणं बंद असतानाही स्पीकरकडे जाणारं डीसी व्होल्टेज) मोजावा, ५० मिलिव्होल्टच्या वर असला तर आधी दुरुस्ती.

जपानी घरगुती मॉडेल १०० व्होल्टची, अमेरिकन १२० ची. आपल्याकडे २३० असल्यामुळे मागे व्होल्टेज सिलेक्टर नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच, आणि ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर ५० वर थोडा जास्त तापतो.