लाट पुसायची, पण किती?

(एनडी फिल्टर आणि ट्रायपॉड भाड्यानं नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

एनडी फिल्टर म्हणजे लेन्ससमोर लावायची, प्रकाश अडवणारी काळी काच. आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी असते ती एनडी १००० ची. समुद्राचे लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवून घेतलेले फोटो, पहिल्यांदाच काढणार असाल, तर तो राहू द्या. एनडी ८ आणि एनडी ६४ न्या, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

फिल्टरवरचा आकडा म्हणजे शटर किती पट जास्त वेळ उघडं राहणार तो. समजा, सूर्य नुकताच बुडालाय आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) वर कॅमेरा फिल्टरशिवाय १/१५ सेकंद सांगतोय. एनडी ८ लावलात तर अर्धा सेकंद होतो, ६४ लावलात तर सव्वाचार सेकंद आणि १००० लावलात तर मिनिटाच्याही वर. मिनिटभरात कितीतरी लाटा येऊन जातात, त्या एकमेकींत मिसळतात आणि उरतं ते धुकं. लांबवर एकटा उभा खडक असेल तर हे धुकं फार सुंदर दिसतं. पण लाटेचा आकार, तिची ओढ, सगळं त्यात जातं. अर्ध्या सेकंदात मात्र परत फिरणारं पाणी फेसाचे दोर ओढत जातं, आणि पाहणाऱ्याला समुद्र चालताना दिसतो. आम्हाला स्वतःला हेच जास्त आवडतं.

शटर कधी दाबायचं? लाट फुटून पाणी मागे फिरायला लागलं की. येणारी लाट टिपलीत तर बहुतेक वेळा नुसता पांढरा पट्टा मिळतो. दहा-वीस फोटो वाया जातील, ते जाऊ द्या. दोन लाटा कधीच सारख्या नसतात.

फोकस फिल्टर लावण्याआधी करा आणि मग मॅन्युअलवर टाका; काळ्या काचेतून कॅमेऱ्याला काही दिसत नाही. सेल्फ टायमर लावा. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, कारण गडद फिल्टर रंगात थोडी झाक आणतात. वेळ वाढवायला एफ/२२ वर जाऊ नका, चित्राची धार जाते. त्यासाठीच तर फिल्टर आहे.

आता भरती-ओहोटी. जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा भरती आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे साडेपाचच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. पण सहल ठरवायला तो पुरतो. ओली पुळण (किनाऱ्याची वाळू) आणि तिच्यात आभाळाचं प्रतिबिंब हवं असेल, तर पौर्णिमा-अमावास्येची संध्याकाळ धरा. उधाणाची ओहोटी असल्यानं पाणी खूप आत जातं आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. खडकांवरून ओघळणारं पाणी हवं असेल तर अष्टमीच्या आसपास जा; तेव्हा भांगाची भरती असते, पाणी खडकांपर्यंत येतं पण उधाणाइतकं चढत नाही.

याच हिशेबात धोकाही आहे, आणि तो आम्हाला फिल्टरपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पौर्णिमेच्या संध्याकाळी ओहोटी संपल्यावर पहिला तास पाणी हळू चढतं. तुम्ही निर्धास्त होता, अंधार पडतो, आणि तिसऱ्या तासात तेच पाणी झपाट्यानं येतं. खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ भागावर, पुढे जाऊन उभे असाल तर मागची वाट बुडालेली असते. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग याच कारणानं भरतीत बंद असतो. म्हणून खडपावर एकटे जाऊ नका, परतीची वाट उजेडातच बघून ठेवा आणि हिरव्या शेवाळावर पाय देऊ नका. ट्रायपॉड लाटेत पडला तर पडू द्या, त्याच्यामागे धावू नका. पावसाळ्यात खडपावरच्या फोटोंसाठी आम्ही सामान देत नाही.

वाळूत ट्रायपॉडचे पाय आधीच दाबून रोवा. एक लाट येऊन गेली की तो खचतो. तो खचून स्थिर झाल्यावरच फोटो घ्या. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका. खारे तुषार फिल्टरवर बसतात, ते दर चार-पाच फोटोंनंतर टिपून घ्या. सुका कपडा घासू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. पिशवीत दोन मऊ कपडे ठेवले आहेत, एक ओला करून वापरायचा आणि एक कोरडा.

घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्यानं धुवा आणि उघडेच वाळू द्या. त्यासाठी परत करायला एक दिवस उशीर झाला तरी जादा भाडं घेत नाही.