मॉड्युलरला आठवण कुठून मिळाली?

मॉड्युलर सिंथेसायझर, म्हणजे सुटे भाग (मॉड्यूल) तारांनी जोडून आवाज घडवणारं विजेचं वाद्य, मुळात विसराळू. ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारा भाग, आत्ता मिळणाऱ्या व्होल्टेजवर वाजतो. भाग जोडणारी तार (पॅच कॉर्ड) उपटली की सूर संपला. त्यातून सुरुवातीच्या यंत्रांवर एका वेळी बहुधा एकच स्वर. अशा यंत्रावर वीस-तीस मिनिटांची रचना उभी करण्याची युक्ती मात्र टेपरेकॉर्डरने दिली, आणि तीही मॉड्युलर बाजारात येण्याआधी.

1963 साली अमेरिकन संगीतकार टेरी रायली पॅरिसमध्ये एका नाटकासाठी जॅझवादक चेट बेकर यांच्या ट्रम्पेटचं ध्वनिमुद्रण करत होते. तिथल्या इंजिनिअरने दोन टेपरेकॉर्डर लांब ठेवून एकच टेप दोन्हींतून ओढली. पहिला मुद्रण करी, दुसरा तेच थोड्या वेळाने वाजवी आणि वाजलेलं पुन्हा पहिल्याकडे पाठवी. टेप सेकंदाला 19 सेंटिमीटर धावत असेल आणि दोन हेडमधलं अंतर 1.9 मीटर असेल, तर सूर 10 सेकंदांनी परततो. रायलींनी याला ‘टाइम लॅग अॅक्युम्युलेटर’ म्हटलं. मूळ जोडणी करणारा बहुतेक लिखाणात नुसता ‘फ्रेंच इंजिनिअर’ म्हणून उरला आहे.

सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटर हा प्रयोगशील स्टुडिओ 1962 मध्ये संगीतकार रामोन सेंडर आणि मॉर्टन सबोटनिक यांनी सुरू केलं. वाद्यं घडवणारे डॉन बुक्ला यांनी आपली पहिली मॉड्युलर यंत्रणा याच मंडळींसाठी बनवली. संगीतकार पॉलिन ऑलिव्हरोसही तिथल्याच. 1966 मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या स्टुडिओत त्यांनी बहुतेक ऑसिलेटर माणसाच्या श्रवणमर्यादेपलीकडे लावले. त्यांच्या वारंवारितांतल्या फरकातून जे ऐकू येणारे सूर निपजत, ते टेप डिलेमध्ये, म्हणजे रायलींसारख्या टेपच्या विलंब-जोडणीत, सोडले आणि वीसेक मिनिटांची रचना एका दमात, कापाकापी न करता मुद्रित केली. मला तरी आजच्या डिले-प्रधान मॉड्युलर वादनाचं खरं मूळ इथे दिसतं. श्रेय बहुधा ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोंना जातं. 1975 मध्ये त्यांनी ईएमएस कंपनीच्या ‘सिंथी’ या सिंथेसायझरवर दोन असमान लांबीच्या छोट्या सुरावटी टेप डिलेतून फिरवून एलपीची एक अख्खी बाजू, तीस मिनिटांहून जास्त, भरली. जोडणीचा आराखडा रेकॉर्डच्या वेष्टनावरच छापल्यामुळे ती सगळ्यांना कळली.

रायली 1970 पासून पंडित प्राणनाथ यांच्याकडे किराणा गायकी शिकले. अब्दुल करीम खाँ यांच्यामुळे मिरजेत रुजलेलं तेच घराणं. त्या दशकातलं रायलींचं डिलेसह ऑर्गनवादन ऐकताना एकेका स्वरावर ठाण मांडणारी ती आलापी आठवते.

टेपवर प्रत्येक फेरीत वरच्या पट्टीची धार बोथट होते. म्हणून जुने थर मागे सरतात आणि नव्याला जागा मिळते. 1969 मध्ये फिलिप्समध्ये शोधलेल्या, टेपशिवाय सूर लांबवणाऱ्या ‘बकेट ब्रिगेड’ चिपमध्येही ही झीज होती. डिजिटल डिलेने ती घालवली, पण मग प्रत स्वच्छ आणि गर्दी असह्य! म्हणून फीडबॅकच्या, म्हणजे वाजलेला सूर परत आत जाण्याच्या, वाटेवर वरची धार कापणारा फिल्टर बसवायची पद्धत पडली.

1990च्या दशकाच्या मध्यात डोएप्फर या जर्मन कंपनीने युरोरॅक हे छोट्या मॉड्यूलचं माप आणलं. टेपच्या काळात परतीचा वेळ बदलायला रेकॉर्डर सरकवावा लागे किंवा टेपचा वेग बदलावा लागे. आता अनेक डिले मॉड्यूलमध्ये ते काम एक व्होल्टेज करतो आणि वेळ बदलताना सूरही घसरतो. त्यामुळे मंद एलएफओ (संथपणे वरखाली होणारा व्होल्टेज) डिले टाइमला जोडला, फीडबॅक स्वयंदोलनाच्या, म्हणजे आपोआप वाजत राहण्याच्या, जरा खाली ठेवला, तर चार स्वरांचा पुन्हा पुन्हा वाजणारा क्रमही (सिक्वेन्स) पूर्वी न वाजलेली वळणं घेऊ लागतो.